वेळापत्रक छापण्याआधी आम्हाला बोलवा

प्रति,
महाविद्यालयांतल्या इंग्रजी शिक्षकांसाठी उजळणी वर्ग आणि प्रशिक्षण अभ्यासक्रम आखणारी सर्व मान्यवर मंडळी,



गेल्या वेळी दोन आठवड्यांच्या उजळणी वर्गाला आले होते, तेव्हाची गोष्ट. शेवटचा दिवस होता. समारोपाची तयारी चालली होती, व्यासपीठावर फुलदाण्या मांडल्या जात होत्या, आणि आमच्या हातात एकेक छापील कागद आला. अभिप्रायाचा. जेवण कसे होते, निवास कसा होता, साधनव्यक्तींची निवड कशी वाटली, प्रत्येकाला पाचपैकी गुण द्यायचे. तळाशी दोन ओळींची मोकळी जागा होती: 'या अभ्यासक्रमात आणखी कोणते विषय असावेत असे आपणास वाटते?' हातात पेन धरून मी त्या दोन ओळींकडे बघत राहिले. हा प्रश्न मला पहिल्या दिवसाच्या दीड महिना आधी हवा होता, आणि उत्तराला दोन ओळी पुरणार नव्हत्या. त्या दिवशी मी ती जागा कोरी सोडली. तिथे जे लिहायचे होते, ते आज लिहिते आहे.

मी एका तालुक्याच्या गावातल्या वरिष्ठ महाविद्यालयात वीसहून अधिक वर्षे इंग्रजी शिकवते. माझे वेळापत्रक कधी कोणी पाहिले, तर त्यात साहित्याचे तास थोडे दिसतील. बहुतेक तास विज्ञान आणि वाणिज्य शाखेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे असतात. शिवाय गेल्या काही वर्षांत वेळापत्रकात नसलेले एक काम वाढले आहे: इतर विभागांचे संशोधक विद्यार्थी संध्याकाळी सिनॉप्सिसचा मसुदा घेऊन येतात आणि 'मॅडम, जरा इंग्रजी बघून द्या' म्हणतात. समोर बसणारी मुले दहावीपर्यंत कोणी पूर्ण मराठी माध्यमात शिकलेली असतात, तर कोणी सेमी-इंग्रजीत, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी सारे मराठीत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा दहा-बारा वर्षे इंग्रजी हा विषय शिकून ही मुले माझ्यासमोर येतात, आणि इथे सगळा ज्ञानव्यवहारच इंग्रजीतून चालतो. पाठ्यपुस्तक, जर्नल, प्रश्नपत्रिका, संदर्भग्रंथ, सगळे इंग्रजीत.

या इंग्रजीला आपल्या व्यवसायात 'अकॅडेमिक इंग्लिश' म्हणतात. कोठारी आयोगाने (१९६४-६६) इंग्रजीकडे ग्रंथालयाची भाषा म्हणून पाहिले होते. ग्रंथालयात बसून वाचायचे, समजून घ्यायचे आणि मग स्वतः लिहायचे, असे हे काम. मी ते करते, माझ्यासारखे शेकडो जण करतात. पण हे काम कसे करायचे, हे मला तुमच्या कुठल्याही वर्गात शिकायला मिळालेले नाही. हे मी रागाने लिहीत नाही. मला याचे खरोखर वाईट वाटते.

तुमच्या वर्गात काय मिळाले, तेही सांगते. उत्तर-वसाहतवादावर सुंदर व्याख्याने मिळाली. अनुवादविद्येवर एक दिवस मिळाला, तो मी अजून विसरलेले नाही. साहित्य हे माझे पहिले प्रेम आहे, त्यामुळे ही व्याख्याने मी तहानलेल्या माणसासारखी ऐकली. दुसऱ्या टोकाला 'कम्युनिकेशन स्किल्स'ची सत्रे असत: मुलाखतीला कसे बसावे, गटचर्चेत कसे बोलावे, देहबोली कशी असावी. या दोन टोकांच्या मधला सगळा प्रदेश मात्र रिकामा राहिला. एकोणीस वर्षांच्या मुलाने पेशीविज्ञानाचे एक प्रकरण इंग्रजीतून कसे वाचायचे, प्रयोगाचे जर्नल स्वतःच्या वाक्यांत कसे लिहायचे, परीक्षेतला प्रश्न नेमके काय मागतो हे कसे ओळखायचे, यावर अर्धा तासही नव्हता. माझे जवळजवळ सगळे तास मात्र याच प्रदेशात जातात.

एक उदाहरण देते, म्हणजे नेमके काय म्हणायचे आहे ते कळेल.

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी एकदा स्टाफरूममध्ये अंतर्गत परीक्षेचा एक पेपर माझ्यासमोर ठेवला. मुलगी हुशार होती, वर्गात उत्तरे देणारी. प्रश्न होता, 'अकाउंट फॉर द फॉल ऑफ लीव्ह्ज इन डेसिड्युअस ट्रीज.' तिने पानगळी वृक्षांविषयी दीड पान माहिती लिहिली होती. नावे बरोबर, ठिकाणे बरोबर, ऋतू बरोबर. पाने का गळतात याचे एकही कारण नव्हते. सरांनी पाचपैकी एक गुण दिला होता आणि त्यांना स्वतःलाच तो देताना बरे वाटले नव्हते. 'हिला कारण येतं हो,' ते म्हणाले, 'तोंडी विचारलं तर घडाघडा सांगेल.'

आम्ही तिला बोलावून विचारले. ती म्हणाली, 'अकाउंट म्हणजे माहिती ना मॅडम?' तिचे चुकले नव्हते. 'गिव्ह अॅन अकाउंट ऑफ' म्हणजे माहिती लिहा, हे तिला कोणीतरी शिकवले होते. 'अकाउंट फॉर' म्हणजे कारण सांगा, हे कोणीच शिकवले नव्हते. इंग्रजीच्या तासाला आम्ही निबंध आणि पत्रलेखन घेत होतो. वनस्पतिशास्त्राच्या तासाला सर वनस्पतिशास्त्र शिकवत होते. 'ऑफ' आणि 'फॉर' यांच्यातला फरक दोन विभागांच्या मधल्या बोळात पडून राहिला होता. आणि दहावीपर्यंत हीच मुलगी 'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवत आली होती.

त्यानंतर आम्ही दोघे आठवड्यातून एकदा, शेवटचा तास संपल्यावर, त्यांच्या प्रयोगशाळेत बसू लागलो. कोणी सांगितले नव्हते. आम्ही मागच्या प्रश्नपत्रिका काढल्या आणि फक्त क्रियापदे उतरवून घेतली: स्टेट, डिस्क्राइब, डिस्टिंग्विश, जस्टिफाय, कॉमेंट ऑन, अकाउंट फॉर. प्रत्येकापुढे सरांनी लिहिले, या शब्दाला मी उत्तरात काय शोधतो. मी लिहिले, त्या उत्तराला कुठल्या प्रकारची वाक्ये लागतात. मग मराठी शिकवणाऱ्या मॅडमना बोलावले, आणि त्यांनी शालेय प्रश्नपत्रिकेतले जवळचे मराठी शब्द पुढे मांडले: फरक स्पष्ट करा, कारणे द्या, समर्थन करा, टीप लिहा. असे एक पान तयार झाले. माझ्या सगळ्या प्रशिक्षणांतून मिळालेल्या साहित्यापेक्षा ते एक पान मला वर्गात अधिक उपयोगी पडले, आणि आजही पडते.

मग जर्नले वाचली. तिथे आणखी एक गोष्ट दिसली. कृती या मथळ्याखाली बहुतेक मुलांनी प्रयोगपुस्तिकेतली आज्ञार्थी वाक्ये जशीच्या तशी उतरवली होती: द्रावण घ्या, गाळा, तापवा. केलेल्या प्रयोगाचा वृत्तान्त असा लिहिलेलाच नव्हता. सरांना तो कर्मणी आणि भूतकाळात हवा होता, 'द सोल्युशन वॉज फिल्टर्ड' असा. वर्षानुवर्षे ते फक्त तांबड्या शाईने गोल करत आणि पुढे जात. मी मात्र त्याच वर्षी त्याच मुलांना कर्तरी-कर्मणीचे नियम फळ्यावर शिकवले होते, 'रामा ईट्स अ मँगो' घेऊन. माझे कर्मणी आंब्यावर अडले होते आणि सरांचे चंचुपात्रात. ते एकच आहे हे मुलांना कुठून कळणार?

आता जे लिहिते आहे, त्याकडे तुम्ही विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे, कारण याच ठिकाणी तुमचे प्रशिक्षण आम्हाला चुकीच्या वाटेने नेते असे माझे ठाम मत झाले आहे.

ज्ञानव्यवहाराची इंग्रजी अवघड वाटते, कारण तिथे क्रिया नामांत कोंबलेल्या असतात. आपण बोलताना म्हणतो, 'पाणी तापवलं की साखर जास्त विरघळते.' पुस्तक म्हणते, तापमानातील वाढीमुळे विद्राव्यतेत वाढ होते. तापवणे, विरघळणे या दोन घटना होत्या. पुस्तकाने त्यांची 'वाढ' आणि 'विद्राव्यता' अशी नामे केली आणि त्यांच्यामध्ये कारणाचा एक दुवा ठेवला. इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे वाक्य असेच बांधलेले असते. आणि ही बांधणी आमच्या मुलांना नवी नाही! आठवी, नववी, दहावीची विज्ञानाची मराठी पुस्तके याच भाषेत आहेत. ज्या मुलाने 'प्रकाशसंश्लेषण', 'बाष्पीभवन', 'अपवर्तनांक' ही नामे पचवली आहेत, त्याला विज्ञानाची भाषा येते. तिचा इंग्रजी वेश तेवढा ओळखायचा राहिला आहे. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली की वर्गात चेहरे उजळतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

अंदाजाची भाषाही तशीच. आमचे संशोधक विद्यार्थी निष्कर्षात सरसकट 'दिस प्रूव्ह्ज' लिहितात. तीस रोपांवर केलेला प्रयोग आणि 'यावरून सिद्ध होते'. परीक्षक खोडतो, विद्यार्थी खट्टू होतो. मी त्यांना विचारते, सकाळी उठलात आणि अंगण ओले दिसले तर काय म्हणता? 'रात्री पाऊस पडला असावा.' सिद्ध झाले असे म्हणता का? नाही. हे 'असावा' म्हणजेच तुमचे 'मे हॅव', 'सजेस्ट्स', 'इट इज लाइकली'. मराठीत प्रत्येक लहान मूल पुराव्याला जपून बोलते. ती सवय इंग्रजीत न्यायची आहे, एवढेच.

हे सगळे मराठीच्या आधारे शिकवता येते. तुमच्या प्रत्येक वर्गात मात्र पहिल्याच दिवशी आम्हाला बजावले जाते की इंग्रजीच्या तासात मराठी आणू नका. एका सत्रात मी 'असावा'चे उदाहरण सांगू लागले, तर साधनव्यक्तींनी हसून थांबवले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. सभागृहात आम्ही चाळीसेक शिक्षक होतो, बहुतेकांच्या वर्गात मराठीच बोलणारी मुले. मला वाटते, त्या क्षणी आमच्या सगळ्यांचे मिळून जे भांडवल होते, ते दाराबाहेर ठेवले गेले.

तुम्ही म्हणाल, असे दोन-तीन विभागांनी मिळून काम करणे बोलायला बरे, प्रत्यक्षात कोण करते? केले गेले आहे, आणि चांगले केले गेले आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात टोनी डडली-इव्हान्स आणि टिम जॉन्स या दोघा भाषाशिक्षकांनी परदेशातून आलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी वाहतूकशास्त्र आणि वनस्पतिजीवशास्त्र या विभागांबरोबर एकत्र शिकवण्याचा प्रयोग केला. त्याचे वर्णन १९८० साली प्रसिद्ध झाले. विषयाच्या प्राध्यापकाचे व्याख्यान ध्वनिमुद्रित करायचे, आणि मग भाषाशिक्षक, विषयाचे प्राध्यापक आणि विद्यार्थी अशा तिघांनी एकाच खोलीत बसून ते उलगडायचे. परीक्षेच्या प्रश्नांची उत्तरे कशी लिहायची, हेही तिथेच पाहायचे. विद्यार्थ्याला कळले नाही ते का कळले नाही, हे तिघांनाही समोरासमोर दिसत होते. वनस्पतिशास्त्राच्या सरांबरोबर प्रयोगशाळेत बसताना मला हा प्रयोग ठाऊक नव्हता. नंतर वाचला, तेव्हा वाटले की हे मला पहिल्याच उजळणी वर्गात कोणी सांगितले असते तर माझी दहा-बारा वर्षे वाचली असती.

जॉन स्वेल्स यांचे नाव तुमच्या संदर्भसूचीत असतेच. संशोधनलेखाच्या प्रस्तावनेत लेखक आधी क्षेत्र सांगतो, मग त्यातली मोकळी जागा दाखवतो आणि मग ती आपण कशी भरणार हे सांगतो, ही त्यांची मांडणी आम्हाला एका स्लाइडवर दाखवली गेली. ती त्यांना सुचली कशी, हे कोणी सांगितले नाही. १९८१ च्या अभ्यासात त्यांनी ४८ लेखांच्या प्रस्तावना वाक्यावाक्याने वाचल्या होत्या. त्याच्या आधी ते लिबियात आणि सुदानमध्ये विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवत होते. म्हणजे ही मांडणी एका वर्गशिक्षकाच्या वाचनातून आली आहे. आम्हाला आकृती देण्याऐवजी आमच्याच भागातल्या, आमच्याच विषयांतल्या दहा लेखांच्या प्रस्तावना दिल्या असत्या आणि एक दुपार दिली असती, तर आम्ही ती स्वतः शोधली असती. शोधलेली गोष्ट वर्गात शिकवता येते. स्लाइडवर पाहिलेली गोष्ट वहीत राहते.

आपल्या देशातही उदाहरण आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सीबीएसईने इंग्रजीच्या अभ्यासक्रमाचे नूतनीकरण हाती घेतले, तेव्हा शाळांमध्ये शिकवणाऱ्या शिक्षकांच्या तुकड्या तयार केल्या. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या एका महाविद्यालयात त्यांचे प्रशिक्षण झाले, आणि नववी-दहावीचे नवे पाठ्यसाहित्य त्यांनीच लिहिले. १९९३ पासून ते वर्गांत आले, आणि त्यानंतर ते वर्गांत कसे चालते आहे याचा अभ्यास हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी व विदेशी भाषा संस्थेने शिक्षकांनाच बरोबर घेऊन काही वर्षे केला. त्या साहित्यावर टीका झाली, ती होणारच. पण शिक्षकाला लेखक मानण्याइतका विश्वास तिथे होता.

त्याच्या उलट उदाहरण मद्रासचे. १९६० च्या आसपास तिथल्या प्राथमिक शाळांतल्या २७,००० शिक्षकांना इंग्रजी शिकवण्याचे नवे तंत्र देण्याची मोहीम झाली. आधी थोड्यांना शिकवायचे, त्यांनी पुढच्यांना, त्यांनी त्यापुढच्यांना, घरंगळत मोठ्या होणाऱ्या हिमगोलासारखे. कल्पना प्रामाणिक होती आणि आवाका थक्क करणारा. पण अशा रचनेत वरून निघालेली गोष्ट खाली पोहोचेपर्यंत पातळ होते, आणि खालून वर काहीच जात नाही. आजही आपले बहुतेक कार्यक्रम याच उतारावर घरंगळतात. राज्यस्तरावर 'मास्टर ट्रेनर' घडवायचे, त्यांनी जिल्ह्यात यायचे, आणि आम्ही टिपणे घ्यायची.

मला तुमच्या अडचणी दिसत नाहीत असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ मध्ये अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली, तेव्हापासून या केंद्रांची नावे बदलली, मनुष्यबळ विकास केंद्रे झाली, २०२३ पासून मालवीय मिशनखाली आली. दरवेळी नवे नियम, नवे नमुने, निधीच्या खर्चाच्या तारखा. मंजुरी उशिरा येते आणि वेळापत्रक आठवड्यात छापावे लागते. अशा वेळी ओळखीच्या चांगल्या वक्त्यांना फोन लावणे हाच मार्ग उरतो, हे मला समजते. आमच्याकडूनही अपराध होतात. पदोन्नतीसाठी प्रमाणपत्र लागते म्हणून आम्ही येतो, मागच्या बाकावर बसतो, आणि उत्सुकतेने आलेल्या एखाद्या नव्या शिक्षकाचा उत्साह आमच्याकडे बघून मावळतो. हे मी स्वतः केले आहे आणि मला त्याची लाज वाटते. पण मागच्या बाकावर बसणारा माणूस बहुधा तोच असतो ज्याला कोणी काही विचारलेले नसते.

तेव्हा आता मागण्या.

सगळ्यात आधी, वर्ग सुरू होण्यापूर्वी दीड-दोन महिने आम्हाला पत्र पाठवा आणि आमच्याकडून सामान मागवा. निवड झालेल्या प्रत्येक शिक्षकाने आपल्या महाविद्यालयातून नाव झाकलेल्या दहा उत्तरपत्रिका, दोन-तीन जर्नले, एका विषयाची प्रश्नपत्रिका आणि पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातली चार पाने आणावीत. तुमचे पहिले दोन दिवस हे वाचण्यात जाऊ द्या. त्यातून जे प्रश्न निघतील त्यांवर उरलेले दिवस आखा. वक्त्यांची नावे तिसऱ्या दिवशी ठरली तरी चालतील. आज ऑनलाइन सत्र घेणे अवघड राहिलेले नाही.

दुसरे, आखणीच्या बैठकीला आमच्यातले काही जण असू द्या, आणि फक्त इंग्रजीचेच नकोत. एक विज्ञानाचे, एक वाणिज्याचे, एक मराठीचे शिक्षक हवेत. मराठी माध्यमातून येऊन पदवीपर्यंत पोहोचलेला एखादा विद्यार्थी हवा. कुठे ठेच लागते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नाही. आणि तासिका तत्त्वावर काम करणारे शिक्षक हवेतच हवेत. यावर मला थोडे थांबून लिहायचे आहे. अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या अनिवार्य इंग्रजीचा भार हेच शिक्षक उचलतात. त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळते. प्रशिक्षणाला आले तर ते तास बुडतात आणि मानधनही बुडते. कर्तव्य रजा नाही, पदोन्नती नाही, म्हणून प्रमाणपत्राचा उपयोग नाही, आणि नोंदणी शुल्क मात्र आहे. परिणामी, ज्यांना या प्रशिक्षणाची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही, आणि ज्यांना या वर्गांचे सर्वाधिक ताजे ज्ञान आहे त्यांच्याकडून तुमच्यापर्यंत काही येत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी अशी एक तरुण शिक्षिका दरवर्षी नव्याने मुलाखत देऊन त्याच वर्गाला शिकवते. प्रश्नपत्रिकेतल्या क्रियापदांचे ते पान तिने आमच्यापेक्षा चांगले करून दाखवले. मुलांना तिने ते पानच उलटे करायला लावले, म्हणजे उत्तर आधी देऊन प्रश्न ओळखायचा. अशा शिक्षकांचे शुल्क माफ करा, बुडालेल्या तासांची भरपाई देता येईल का ते पाहा. नियमात बसत नसेल तर तो नियम बदलण्याची मागणी तुमच्या लेटरहेडवरून जाऊ द्या. आमच्या पत्रापेक्षा तिला वजन असेल.

तिसरे, सलग दोन आठवडे आम्हाला उचलून नेऊ नका. पाच दिवस बोलवा, मग दोन-अडीच महिने आमच्या वर्गात जाऊ द्या, आणि पुन्हा पाच दिवस बोलवा. पहिल्या पाच दिवसांत आम्ही मिळून एक छोटी गोष्ट तयार करू, तीन-चार तासांची. ती आपापल्या वर्गात करून पाहू. जमले नाही ते घेऊन परत येऊ. न जमलेल्या गोष्टी घेऊन परत येता येईल अशी एक जागा शिक्षकाला हवी असते. एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ दरम्यान इंग्रजी शिकवण्याचा बंगळूरचा प्रकल्प केला, तो प्रत्यक्ष शाळांमधल्या चालू वर्गांत. पाच वर्षे. आम्ही तर अडीच महिने मागतो आहोत.

आता शब्दयाद्यांविषयी एक विनंती. अॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली प्रसिद्ध झालेली ५७० शब्दकुलांची यादी तुम्ही आम्हाला दरवेळी देता. चांगली यादी आहे, कष्टाने केलेली आहे, सुमारे ३५ लाख शब्दांच्या लेखनातून काढलेली. पण ती न्यूझीलंडमध्ये, बहुतांशी तिथल्या लेखनावरून झाली. आमच्या मुलांच्या हातातली पुस्तके वेगळी आहेत. प्रशिक्षणाला आलेल्या चाळीस शिक्षकांनी आपापल्या पाठ्यपुस्तकांतली चार-चार पाने आणली, तर आमची स्वतःची यादी दोन दुपारींत उभी राहील, प्रत्येक शब्दापुढे शालेय विज्ञानातला मराठी शब्द घेऊन. पुढच्या तुकडीने ती वाढवावी. त्या यादीवर ज्यांनी काम केले त्या सगळ्यांची नावे असावीत, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचीही.

मूल्यमापनही बदला. शेवटच्या दिवशी बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी घेता, तिच्यातून मला कुठल्या व्याख्या आठवतात तेवढेच तुम्हाला कळते. त्याऐवजी आम्ही वर्गात वापरलेले एक पान मागा, वापरण्यापूर्वीचे आणि वापरल्यानंतरचे विद्यार्थ्यांचे लेखन मागा, आणि त्यावर आमच्याशी अर्धा तास बोला. ब्रिटनमधल्या अकॅडेमिक इंग्लिशच्या शिक्षकांची संघटना १९७२ पासून काम करते. चांगल्या शिक्षकाला काय काय यायला हवे, याचा आराखडा तिने २००८ मध्ये प्रसिद्ध केला, तो हे काम रोज करणाऱ्यांशी विचारविनिमय करून. महाराष्ट्रासाठी असा आराखडा अजून कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. तो तुम्ही आणि आम्ही एकत्र बसून का करू नये?

आणि शेवटची विनंती थोडी वैयक्तिक आहे. जे कोणी आम्हाला पुढच्या वर्गात मार्गदर्शन करणार असतील, त्यांनी येण्यापूर्वी कुठल्याही ग्रामीण महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विज्ञानाच्या वर्गाला एक तास शिकवून पाहावे. यात परीक्षा घेण्याचा हेतू नाही. मला फक्त एवढे हवे आहे की व्यासपीठावरचा माणूस आणि समोरचे आम्ही एकाच वर्गाविषयी बोलत आहोत.

आमच्या महाविद्यालयाचे दार त्यासाठी उघडे आहे. प्राचार्यांशी मी बोलले आहे. पहिल्या वर्षाच्या विज्ञान शाखेचा इंग्रजीचा तास सोमवारी आणि गुरुवारी सकाळी पावणेनऊला असतो. एसटी स्टँडपासून कॉलेज चालत दहा मिनिटांवर आहे. तास झाल्यावर वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत चहा घेऊ. तिथल्या उजव्या हाताच्या कपाटात मागच्या सहा वर्षांची जर्नले आणि प्रश्नपत्रिका सरांनी जपून ठेवल्या आहेत, आणि आमचे ते क्रियापदांचे पानही. तुम्ही येणार त्या आठवड्यात मला कळवा, म्हणजे सरांना, मराठीच्या मॅडमना आणि माझ्या त्या तरुण सहकारी शिक्षिकेला थांबवून ठेवते.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारी एक प्राध्यापिका